गेट उघडलं की पाणी येतं

घर आईच्या नावावर आहे, गाडी बायकोच्या नावावर आहे. माझ्या नावावर या जगात एकच गोष्ट आहे, आणि ती म्हणजे एक बोर्ड. तळहाताएवढा, हिरवा, मधोमध एक काळा प्रोसेसर. ज्या कंपनीत असताना मी तो बनवला ती कंपनी बुडाली, तिच्या जागेत आता व्यायामशाळा आहे. पण बोर्ड टिकला. पंप चालू करणं, दार उघडणं, पंखा फिरवणं अशी कंटाळवाणी पण जबाबदारीची कामं तो कुठे कुठे इमानानं करत असतो. आमच्या इमारतीचं गेट आणि पाण्याचा पंपही त्याच्याकडेच आहे. मीच बसवून दिला, तोही फुकट. फुकट दिलेल्या वस्तूबद्दल लोक किती हक्कानं बोलतात हे मला त्यानंतर कळलं.

आता प्रोसेसर या प्राण्याबद्दल थोडं सांगायला हवं. तो हुशार असतो, पण आपल्याला काय काय जोडलेलं आहे हे त्याला स्वतःला ठाऊक नसतं. नव्या घरात राहायला आलेल्या माणसाला सांगावं लागतं ना, की बाबा रे, मीटर जिन्याखाली, पाण्याचा कॉक गॅलरीत, तसंच त्यालाही लिहून द्यावं लागतं. अमुक पत्त्यावर घड्याळ आहे, तमुक पत्त्यावर सीरियल पोर्ट, म्हणजे बाहेरच्या यंत्राशी बोलायची लाइन, आहे. अशा एकेका नोंदीला नोड म्हणतात. प्रत्येक बोर्डाची अशी एक फाइल असते, आणि या सगळ्या फाइली ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, एका ठिकाणी नांदतात. साऱ्या जगाचं ते सामायिक कोठार आहे. त्यात माझीही एक फाइल आहे. दिवसभर ऑफिसात लोकांचे रुसलेले प्रिंटर जोडून देणाऱ्या माणसाला ही जाणीव किती पुरते, हे प्रिंटर न जोडणाऱ्याला समजायचं नाही.

या फाइलींच्या विभागावर एक बाई आहेत. मी त्यांना कधी पाहिलेलं नाही. त्या कुठल्या देशात राहतात हेही मला माहीत नाही. उत्तरं मात्र केव्हाही येतात. जगभरातून माणसं त्यांच्याकडे दुरुस्त्या पाठवतात. त्या दुरुस्तीला पॅच म्हणतात. बाई प्रत्येक पॅच ओळ न् ओळ वाचतात. चांगले असतील ते ठेवतात, उरलेले परत पाठवतात. आमच्या घरात त्यांचं नाव "बाई" असंच पडलं, कारण मी मेल उघडताना माझा चेहरा शाळेतली वही परत मिळताना व्हायचा तसा होतो, असं बायकोचं निरीक्षण आहे.

एके दिवशी बाईंनी सर्वांना कळवलं की जुन्या बोर्डांच्या बऱ्याच फाइली अस्ताव्यस्त आहेत, तपासणीत चुका दाखवतात आणि त्यांना कोणी वाली नाही. कर्नलच्या पुढच्या आवृत्तीपर्यंत ज्या सुधारणार नाहीत त्या काढून टाकाव्या लागतील. सोबत नावं होती. त्यात माझ्या बोर्डाचं नाव होतं.

मी ती मेल बायकोला वाचून दाखवली.

"काढली तर काढली," बायको म्हणाली. "पंप बंद पडणार आहे का?"

"लगेच नाही. पण पुढचं कर्नल त्यावर चालणार नाही. हळूहळू बोर्ड विसरला जाईल."

"अहो, तुम्हाला बोर्डाची काळजी आहे की स्वतःची?"

मी लॅपटॉप पुढे ओढला. तिनंही ताणलं नाही. इतक्या वर्षांच्या संसारात काही प्रश्न विचारून सोडून द्यायचे असतात हे तिला माझ्यापेक्षा चांगलं कळतं.

फाइल उघडली आणि बाईंचं म्हणणं पटलं. नियम साधा आहे: नोड पत्त्याच्या चढत्या क्रमानं लावायचे. लहान पत्ता आधी, मोठा नंतर. माझ्या फाइलीत ते मला जसे सुचले तसे होते. एकेका नोडच्या आतही तोच गोंधळ, जी माहिती आधी यायची ती शेवटी आणि शेवटची मध्येच. मी आईला स्क्रीन दाखवला. आईला त्यातलं अक्षर कळत नाही, तरी ती म्हणाली, "अरे, हे तर तुझं कपाट."

काम किरकोळ होतं. शनिवारी दुपारी बसलो. क्रम लावला, चुकीची नावं बदलली, तपासणीतल्या चुका काढल्या, जाता जाता दोन-चार टिपणांचं शुद्धलेखनही सुधारलं, आणि सगळं मिळून एक घसघशीत पॅच बाईंकडे धाडला. संध्याकाळच्या चहाला मी जरा जास्तच ताठ बसलो होतो.

बाईंचं उत्तर आलं. "आपण वेळ काढलात याबद्दल आभार. एका पॅचमध्ये एकच काम असावं. क्रम लावणं वेगळं, नावं बदलणं वेगळं. कृपया सुटे करून पाठवा."

"म्हणजे नापास," आई म्हणाली.

"नापास नाही आई. पुन्हा लिहून आणायला सांगितलंय."

"तेच ते."

ही बातमी जिन्यातून वरच्या मजल्यावर कशी पोचली हे मला माहीत नाही, पण विमावाले सकाळीच सल्ला घेऊन आले. विमावाले आमच्या डोक्यावर राहतात. जगातलं कुठलंही काम योग्य माणसाला भेटल्यानं होतं, यावर त्यांची श्रद्धा आहे.

"तुम्ही त्यांना प्रत्यक्ष भेटा," ते म्हणाले. "मेलवर काय कळतं? आधी घरच्यांची चौकशी करायची. मुलं काय करतात विचारायचं. मग हळूच विषय काढायचा."

"त्या कुठे राहतात तेच ठाऊक नाही."

"तेच तर आधी शोधायचं!"

मी कामं सुटी केली. या खेपेला क्रम हातानं लावण्याऐवजी एका छोट्या प्रोग्रामकडून लावून घेतला. त्यानं शब्दकोशात लावतात तसा लावला. आता शब्दकोशाच्या हिशेबानं बारा हजार हे चार हजारांच्या आधी येतात, कारण एक हा आकडा चारच्या आधी. पहिलीतलं पोरही ही चूक करणार नाही. ती करायला माझ्यासारखा वीस वर्षं संगणकावर बसलेला माणूसच लागतो. बाईंनी फक्त दोन पत्ते शेजारी शेजारी लिहून पाठवले आणि खाली विचारलं, "यातला लहान कोणता?"

टोमणा म्हणावा तर तसं काही नव्हतं. त्यांना खरंच एवढंच विचारायचं होतं. त्यांनी चिडून लिहिलं असतं तर मीही चिडलो असतो आणि विषय मिटला असता. पण त्या चिडत नाहीत, आणि मग सगळा राग घरातल्या घरात जिरवावा लागतो. त्या दिवशी मी चहात साखर नाही म्हणून आवाज चढवला. साखर होती. मी ढवळली नव्हती.

तिसऱ्या खेपेला पॅच निर्दोष होता. हे मी आजही शपथेवर सांगेन. पण माझ्या मेलच्या प्रोग्रामला लांब ओळी पाहवत नाहीत. त्यानं वाटेत प्रत्येक ओळ मधोमध मोडली. बाईंच्या हाती चुरा पडला. त्यांनी कळवलं की पॅच फाइलीवर बसत नाही, आणि मेल कशी पाठवायची याची माहिती कुठे वाचायला मिळेल तेही सांगितलं. माझ्या आधी किती जणांना त्यांनी हेच सांगितलं असेल, याचा विचार करून मला माझ्यापेक्षा त्यांचीच दया आली. आपण तर शेजाऱ्याला एकदा पत्ता सांगितल्यावर दुसऱ्यांदा विचारलं की कपाळाला आठ्या घालतो. आणि इथे ही बाई, कोण कुठला मी, माझ्या हाताला धरून ओळीत उभं राहायला शिकवते आहे. घरात मी हे बोलून दाखवलं तेव्हा बायको म्हणाली, "मी तुम्हाला तेवीस वर्षं शिकवतेय. माझं असं कौतुक कधी केलं नाहीत." आणि ती हसली, म्हणून निभावलं.

चौथ्या खेपेला उत्तर आलं. "आता छान दिसतंय. धन्यवाद. घेते."

मी ते मोठ्यानं वाचलं. आईनं टीव्ही बंद केला, म्हणजे तिच्या दृष्टीनं प्रसंग मोठाच होता. विमावाले खाली आले आणि माझा हात हातात घेऊन "मी म्हणत होतो ना!" असं म्हणाले. ते काय म्हणत होते हे आम्हा दोघांनाही आठवत होतं, पण आनंदाच्या वेळी कोण काढतो.

इथे थांबलो असतो तर ही गोष्ट सांगायची वेळच आली नसती. पण माणसाला यश पचत नाही. आपल्या सुधारलेल्या फाइलीचं कर्नल आपल्याच इमारतीच्या बोर्डावर चालताना बघावं, अशी मला हौस आली. रविवारी सकाळी स्टूल घेऊन पंपाच्या खोलीत गेलो, नवं कर्नल चढवलं, हिरवा दिवा लागला, आणि मी शीळ घालत वर आलो.

दुपारपर्यंत इमारतीत पाणी नव्हतं, आणि गेट सताड उघडं होतं.

पहिली बेल वाजवली ती तळमजल्याच्या सेक्रेटरीकाकूंनी. काकू इमारतीच्या सेक्रेटरी आहेत, आणि तक्रार हा त्यांचा श्वास आहे. जिन्यातला दिवा, गच्चीचं कुलूप, कुणाच्या चपला कुणाच्या दारात, सगळ्याची दाद त्या लावून धरतात. "गेट आपोआप उघडलंय. बंद होत नाही," त्या म्हणाल्या. "आणि नळाला पाणी नाही."

"बघतो काकू."

"बघतो नको. सांगा काय करणार."

खाली जाऊन पाहिलं, तर बोर्ड ठणठणीत. तपासणीत एकही चूक नाही. मी तासभर तारा ओढून पाहिल्या आणि वर आलो तो काकू पुन्हा दारात. या खेपेला त्यांच्या चेहऱ्यावर वेगळंच तेज होतं.

"डॉक्टरांची गाडी आली तेव्हा नळाला पाणी आलं," त्या म्हणाल्या. "मग गेलं. मग मागच्या बाजूच्या त्या शिक्षिकेची गाडी आली, पुन्हा आलं. मी बादली लावून बघत होते. गाडी आली की पाणी येतं."

"काकू, असं कसं होईल?"

"कसं ते तुम्ही सांगा. होतंय ते मी सांगते."

मी गॅलरीत गेलो आणि गेटचा रिमोट दाबला. खाली पंप घुर्र करून सुरू झाला, थोडा वेळ चालला आणि थांबला. आत मोरीतून आई ओरडली, "आलं रे!"

एव्हाना ही विद्या सगळ्या इमारतीला अवगत झाली होती. गॅलऱ्यागॅलऱ्यांतून माणसं रिमोट घेऊन उभी होती आणि टीव्हीचा चॅनल बदलावा तसं पाणी आणत होती. विमावाल्यांचा रिमोट बिघडलेला, म्हणून ते डॉक्टरांना हाक मारून "अंगाला साबण लावलाय, जरा दाबता का?" असं गॅलरीतूनच विनवत होते. टाकी काही भरेना, आणि टाकी भरत नाही तोवर गेट काही मिटेना. एक अनोळखी माणूस उघड्या गेटातून आत आला, इमारतीत खोली भाड्यानं मिळेल का विचारून गेला. आमच्याकडे पाणी कसं येतं हे पाहिल्यावर त्यानं भाडंही विचारलं नाही.

आणि मला उलगडा झाला. उलगडा झाला तसा मी पंपाच्या खोलीकडे धावलो.

बोर्डाला दोन लाइनी आहेत. एकीवर गेट, दुसरीवर पंप. कर्नल सुरू होताना फाइल वरून खाली वाचतं आणि जी लाइन आधी भेटेल तिला पहिला क्रमांक देतं. माझ्या जुन्या अस्ताव्यस्त फाइलीत गेटची लाइन वर होती, म्हणून गेट पहिलं. गेट-पंप चालवणारा प्रोग्रामही माझाच, आणि तो "पहिली म्हणजे गेट" असं समजून चालतो. आता पत्त्याप्रमाणे नीटनेटकं लावल्यावर पंपाची लाइन वर आली. पंप झाला पहिला आणि गेट दुसरं. टाकी रिकामी झाली की पंपाऐवजी गेट उघडायचं, आणि रिमोट दाबला की गेटाऐवजी पंप सुरू व्हायचा. म्हणजे बिघाड असा कुठेच नव्हता. मी फक्त आवरलं होतं.

घरचं दुखणं दहा मिनिटांत बरं होण्यासारखं होतं. प्रोग्राममध्ये पहिली आणि दुसरी यांची अदलाबदल केली की झालं. मी ती केली. गेट मिटलं, पंप सुरू झाला, आणि गॅलऱ्यांतून टाळ्या वाजल्या.

"आता गप्प बसा," टॉवेल गुंडाळून खाली आलेले विमावाले म्हणाले. "त्या बाईंना काही कळवू नका. आवृत्ती निघायला आलीय ना? चूक कळली तर तुमचा पॅच मागे घेतील, आणि मग फाइल अस्ताव्यस्त म्हणून तीही जाईल. स्वतःहून का विस्तव हातात घेता?"

मला मान्य करायला हवं की सल्ला योग्य होता. विमावाल्यांच्या आयुष्यातला तो पहिलाच योग्य सल्ला असावा. बाईंचं "छान दिसतंय" माझ्या हातात होतं. फाइल बचावली होती. माझा बोर्ड, माझी एकुलती एक कमाई, जगाच्या कोठारात सुखरूप होती. मी तोंड बंद ठेवायचं एवढंच काम उरलं होतं.

पण मला तो अंड्यांवाला आठवला. मागे एका माणसानं मला मेल लिहिली होती. त्याची अंडी उबवण्याची जागा आहे, पिल्लं निघेपर्यंत अंडी ऊबदार ठेवतात ती. एका लाइनवर हीटर, दुसरीवर पंखा, आणि बोर्ड माझा. चांगला चालतो म्हणून आभार मानायला त्यानं लिहिलं होतं. तो उद्या नवं कर्नल चढवेल, आणि थंडी पडली की पंखा सुरू होईल, उकडलं की हीटर. त्याच्याकडे बादली लावून बसणाऱ्या काकू असतील की नाही कुणास ठाऊक.

बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मग विचारता काय? लिहा."

"फाइल जाईल."

"जाईल," ती म्हणाली, आणि खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसली.

मी लिहिलं. सगळ्यांना दिसेल असं लिहायचं असतं तिथे. गुपचूप कानात सांगायची सोय नाही. माझ्याच पॅचनं माझ्याच इमारतीचं पाणी गेलं, गेट उघडलं की पंप सुरू होत होता, हे जगभरच्या तज्ज्ञांसमोर मांडताना कानशिलं तापली. दोन्ही लाइनींना कायमची उपनावं द्यावीत, म्हणजे त्या फाइलीत कुठेही असल्या तरी क्रमांक जुनेच राहतील, असा उपायही पॅच करून जोडला. आणि मेल धाडून दिली. आवरायला घेतलेलं कपाट अंगावर पडल्यावर माणूस जसा गप्प बसतो तसा मग बसून राहिलो.

बाईंचं उत्तर यायला वेळ लागला. त्या वेळात मी फाइलीचं दहाव्या-तेराव्यापर्यंत सगळं मनातल्या मनात उरकून घेतलं.

मग उत्तर आलं. "कोणाचं चालू असलेलं काम आपल्यामुळे मोडता कामा नये. तेव्हा हे आवृत्ती निघण्याआधी कळवलंत हे फार चांगलं झालं. उपाय बरोबर आहे, घेते. फाइल अर्थातच राहील. तिला वाली आहे हे आता दिसलंच. एक गोष्ट राहिली. हे प्रथम कोणाच्या लक्षात आलं? पॅचमध्ये रिपोर्टेड-बाय ही ओळ नाही. ज्यांनी शोधलं त्यांचं नाव असल्याशिवाय घेता येणार नाही."

तिला वाली आहे. हे मी दोनदा वाचलं. बायकोनंही वाचलं, आणि माझ्या पाठीवर हात ठेवला. मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी घाईघाईनं "काकूंचा ईमेल काय आहे?" असं विचारलं.

काकूंकडून नाव मिळवणं पॅचपेक्षा अवघड निघालं.

"माझं नाव कुठे घालताय? कसल्या कागदावर? वर्गणी आहे का?"

"वर्गणी नाही काकू. बिघाड तुम्ही शोधलात, म्हणून."

"म्हणजे माझ्यावर ढकलताय."

मी समजावलं. त्यांनी अट घातली की छापण्यापूर्वी दाखवायचं. मग आडनावाचं स्पेलिंग सुधारलं. मग वडिलांचं नाव हवं की नवऱ्याचं, यावर विचार करायला वेळ मागितला, आणि शेवटी दोन्ही नकोत, नुसतं स्वतःचं आणि आडनाव, असं ठरवलं. बाई तोवर शांतपणे थांबल्या. त्यांनी एकदा एवढंच विचारलं, की "नाव मिळालं का?" साऱ्या जगाची कामं खोळंबलेली असताना एका इमारतीच्या सेक्रेटरीच्या नावासाठी थांबणारी ही बाई! मी प्रिंटर जोडून दिला तर लोक "झालं का एकदाचं" म्हणतात.

पॅच गेला. आवृत्ती निघाली. मी लॅपटॉप घेऊन काकूंकडे गेलो आणि त्यांना ती ओळ दाखवली. चष्मा लावून त्यांनी आपलं नाव वाचलं. मग वर लिहिलेलं मला वाचायला लावलं. मी मराठीत सांगितलं: यांनी कळवलं, त्याबद्दल आभार.

"हे कोणकोण बघणार?"

"जगात कोणीही."

"नंतर पुसता येतं?"

"नाही काकू. तिथलं पुसत नाहीत."

काकूंनी ओळीवरून बोट फिरवत आपलं नाव पुन्हा वाचलं. "मी बेल वाजवली की लोक टीव्हीचा आवाज कमी करतात," त्या म्हणाल्या. "घरी नाही असं दाखवायला. मला ऐकू येतं ते." मी मान खाली घातली, कारण त्या लोकांत आम्हीही होतो. "तक्रार केली म्हणून आभार मानलेले मी पहिल्यांदा बघतेय," एवढं बोलून त्यांनी चष्मा काढला आणि पदरानं पुसू लागल्या. चष्मा स्वच्छच होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही चहा पीत होतो, टीव्ही चालू होता, आणि बेल वाजली. बायकोनं भिंगातून पाहिलं आणि माझ्याकडे वळून तोंडानं आवाज न करता "काकू" म्हणाली. आईचा हात सवयीनं रिमोटकडे गेला.

मी रिमोट तिच्या हातातून काढून घेतला आणि दार उघडलं.

"या काकू," मी म्हणालो, "काय बिघडलंय?"